शाळा कोणती, हे विचारण्याआधी : हाँगकाँगमधल्या इंग्रजीचा आणि चिनीचा इतिहास

हाँगकाँगला नोकरीनिमित्त गेलेल्या आपल्या समाजातल्या तरुण जोडप्यांकडून अलीकडे एक प्रश्न येऊ लागला आहे. मुलांना कोणत्या शाळेत घालावं? इंग्रजी उत्तम हवं, आणि तिथे राहतोच आहोत तर चिनीही नीट यायला हवं. इंटरनॅशनल शाळांची माहितीपत्रकं पाहिली तर सगळ्या सारख्याच वाटतात. हसरी मुलं, हिरवं मैदान, आणि दोन्ही भाषा शिकवू असं आश्वासन. मग निवडायचं कशावरून?

काही कार्यकर्ते या प्रश्नाकडे ‘साहेब लोकांचे चोचले’ म्हणून पाहतात. आम्हाला ते मान्य नाही. ज्यांच्या पणजोबांना वर्गाबाहेर बसून अक्षरं गिरवावी लागली, त्यांच्या पणतीसाठी परदेशात शाळा निवडायची वेळ आली असेल तर तो प्रश्न गंभीरपणेच घ्यायला हवा. पण गंभीरपणे घ्यायचा म्हणजे नुसती फी, बसचं अंतर आणि निकाल पाहायचे असं नव्हे. हाँगकाँगमध्ये कोणत्या मुलाला कोणती भाषा नीट शिकवायची, हे गेली पावणेदोनशे वर्षं ते मूल कोणाचं आहे यावर ठरत आलं आहे. आज तिथल्या शाळांचे जे प्रकार दिसतात ते त्या ठरवण्याचे अवशेष आहेत. तो इतिहास माहीत नसेल तर आपण शाळा निवडतोय असं वाटत राहतं, आणि प्रत्यक्षात कुणीतरी आधीच घातलेल्या कुंपणाची एक बाजू विकत घेतो.

१८४२ च्या नानकिंग तहाने हाँगकाँग बेट ब्रिटिशांच्या ताब्यात गेलं. ते युद्ध अफूसाठी झालं, आणि त्या अफूतला मोठा हिस्सा माळव्यातून मुंबई बंदरामार्गे चीनला जात होता. मुंबईतल्या अनेक नामवंत दात्यांच्या संपत्तीचं मूळ त्या व्यापारात आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. हाँगकाँग आणि मुंबई ही एकाच धंद्याची दोन टोकं होती. नव्या वसाहतीत गोऱ्या व्यापाऱ्याला चिनी येत नव्हतं आणि चिनी व्यापाऱ्याला इंग्रजी येत नव्हतं. मधला माणूस हवा होता. दुभाषा, कारकून, दलाल. इंग्रजी शाळांना मागणी आली ती या मधल्या माणसासाठी.

१८६२ मध्ये सरकारने सेंट्रल स्कूल सुरू केलं. पुढे हीच शाळा क्वीन्स कॉलेज म्हणून नावारूपाला आली. सन यत्-सेन काही काळ तिथे शिकले. पहिला मुख्याध्यापक फ्रेडरिक स्ट्यूअर्ट हा पंचविशीतला स्कॉटिश तरुण. या माणसाची एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. त्याने अर्धा दिवस चिनी आणि अर्धा दिवस इंग्रजी असा धडा घातला. मुलाचा चिनीचा पाया पक्का नसेल तर त्याचं इंग्रजी म्हणजे पोपटपंची होते, असं त्याचं मत होतं. आजच्या भाषेत बोलायचं तर हाँगकाँगची पहिली सरकारी द्वैभाषिक शाळा ती. स्ट्यूअर्टला आम्ही क्रांतिकारक म्हणणार नाही, तो वसाहतीचाच नोकर होता. पण पोरगं कचेरीत उपयोगी पडावं एवढाच हेतू त्याने ठेवला नाही, हे नोंदवायला हवं.

अडचण बाजाराकडून आली. मुलं वरच्या वर्गापर्यंत टिकतच नसत. कामापुरतं इंग्रजी आलं की व्यापारी पेढीत चिकटायचं, पगार सुरू. सरकारलाही तेवढंच हवं होतं. १८७८ मध्ये गव्हर्नर पोप हेनेसी यांच्या काळात एक शिक्षण परिषद भरली आणि सरकारी शिक्षणाचा मुख्य हेतू इंग्रजी शिकवणं हाच, असं ठरलं. इंग्रजीचे तास वाढले, चिनी ऐच्छिक झालं. स्ट्यूअर्टला हे रुचलं नव्हतं. इथे एक गुंता आहे. हेनेसी हा गोऱ्या रहिवाशांच्या लेखी चिन्यांचा पक्षपाती गव्हर्नर होता, चिन्यांना सार्वजनिक जीवनात जागा द्यायला निघालेला. त्याच्याच काळात त्यांच्या भाषेचे तास कापले गेले. माणसांना वर आणायचं, पण त्यांची भाषा दाराबाहेर ठेवून, हा उदारमतवादाचा जुना नमुना आहे.

मुलींसाठी सरकारी इंग्रजी शाळा निघायला १८९० उजाडलं, म्हणजे मुलांच्या शाळेनंतर अठ्ठावीस वर्षं. तिला पुढे ज्यांचं नाव मिळालं ते बेलिलिओस हे कलकत्त्याहून आलेले अफूचे व्यापारी. पुन्हा तीच अफू.

आता आम्हाला जिथे थांबायचं आहे तिथे येतो. रॉबर्ट हो तुंग हे युरोपियन बाप आणि चिनी आई यांच्या पोटी जन्मलेले गृहस्थ. सेंट्रल स्कूलमध्ये शिकले, जार्डिन मॅथेसन या बलाढ्य कंपनीत मधले दलाल झाले आणि चाळिशीच्या आत हाँगकाँगच्या सर्वात धनाढ्य माणसांत गणले जाऊ लागले. त्यांनी काउलून भागात एका इंग्रजी शाळेसाठी पैसे दिले. अट एकच, शाळा सर्व वंशांच्या मुलांना खुली असावी. इमारतीचं काम चालू असतानाच युरोपियन रहिवाशांनी सरकारकडे अर्ज केला की आमच्या मुलांना वेगळी शाळा हवी. चिनी मुलांबरोबर बसल्याने आमच्या मुलांचं इंग्रजी आणि आचरण दोन्ही बिघडतं, अशा आशयाची कारणं दिली. गव्हर्नर ब्लेक यांनी मान डोलावली, लंडनने मंजुरी दिली. मग सरकारने हो तुंग यांनाच विचारलं, शाळा फक्त युरोपियन मुलांसाठी राखून ठेवली तर चालेल का? आपल्या देणगीच्या हेतूला हे धरून नाही, अशी खंत व्यक्त करून त्यांनी नाइलाजाने संमती दिली. १९०२ मध्ये काउलून ब्रिटिश स्कूल उघडलं. ज्याच्या पैशातून ते उभं राहिलं त्याच्या रक्ताच्या मुलांना तिथे जागा नव्हती.

नेथन रोडवर ती लाल विटांची इमारत आजही उभी आहे. तिथे आता पुरातन वास्तूंचं सरकारी कार्यालय आहे. पर्यटक बाहेर उभे राहून फोटो काढतात.

वाचकांना इथे धारवाड आठवलं असेलच. जून १८५६ मध्ये मुंबई इलाख्यातल्या धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला आणि तो नाकारला गेला. एका मुलासाठी वर्गातल्या बाकीच्यांच्या भावना दुखावल्या तर शाळाच ओस पडेल, असा सरकारचा युक्तिवाद होता. बाबासाहेबांनी हे प्रकरण आपल्या लिखाणात वारंवार समोर ठेवलं आहे. धारवाडमध्ये आक्षेप उच्चवर्णीयांचा होता, काउलूनमध्ये गोऱ्यांचा. एका ठिकाणी जात, दुसऱ्या ठिकाणी वंश. जात आणि वंश एकच आहेत असं आम्ही म्हणत नाही, त्या वादात बाबासाहेबांनी काय भूमिका घेतली हे आपल्याला माहीत आहे. पण सरकारची युक्ती मात्र दोन्हीकडे हुबेहूब एक. भेदभाव सरकारने स्वतःच्या नावावर घ्यायचाच नाही. पालकांची इच्छा, शाळेचा दर्जा, बहुसंख्यांची सोय, अशी नावं द्यायची. धारवाडच्या अर्जापासून काउलूनच्या शाळेपर्यंत सेहेचाळीस वर्षं गेली होती, साम्राज्य तेच होतं.

काउलूनच्या शाळेपाठोपाठ १९०४ मध्ये हाँगकाँगने कायदाच केला की पीक नावाच्या डोंगरावर, जिथे हवा थंड आणि बंगले मोठे, तिथे चिनी माणसाने राहायचं नाही. नोकर, स्वयंपाकी, आया तेवढ्या चालतील. हो तुंग यांना पुढे खास परवानगी मिळाली, म्हणजे नियम तसाच ठेवून एक अपवाद केला. असे अपवाद कशासाठी केले जातात हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तो कायदा रद्द झाला १९४६ मध्ये. सांगायचा मुद्दा हा की हाँगकाँगमध्ये ‘चांगली इंग्रजी शाळा’ या कल्पनेचा जन्म वस्तीच्या आणि वंशाच्या कुंपणासोबत झाला. तिथलं इंग्रजी चांगलं होतं, कारण इतरांना आत घेतलं जात नव्हतं, असाच समज रुजला. तो समज अजून गेलेला नाही.

उच्च शिक्षणाची गोष्ट मुंबईकरांना ऐकायला आवडेल. हाँगकाँग विद्यापीठाची मुख्य इमारत उभी राहिली ती होर्मसजी नौरोजी मोदी या मुंबईत जन्मलेल्या पारशी गृहस्थाच्या देणगीवर. त्यांनी दीड लाख डॉलर देऊ केले, गव्हर्नर लुगार्ड यांनी बाकीच्यांच्या मागे लागून निधी जमवला, १९१२ मध्ये वर्ग सुरू झाले. माध्यम अर्थातच इंग्रजी. विद्यापीठ इंग्रजीत असलं की त्याच्या खालची माध्यमिक शाळा इंग्रजीकडे ओढली जाते, आणि तिच्या खालची प्राथमिक शाळाही. चिनी माध्यमातून शिकलेला मुलगा गावच्या शाळेत हुशार आणि शहराच्या दारात अडाणी ठरतो. हे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या पोरांना समजावून सांगावं लागणार नाही.

मग चिनी भाषेचं काय झालं? ती कुणी जपली? इथे आपल्यातल्या मातृभाषाप्रेमींनी थोडं कान देऊन ऐकावं.

१९२५ मध्ये कँटन आणि हाँगकाँगमध्ये कामगारांचा प्रचंड संप सुरू झाला. वर्षभराहून जास्त चालला, वसाहतीचा व्यापार ठप्प झाला. त्याच वर्षी सेसिल क्लेमेंटी गव्हर्नर म्हणून आले. क्लेमेंटी यांना चिनी उत्तम येत होतं, कॅन्टोनीज बोलता येत होतं, जुन्या साहित्याचा अभ्यास होता. त्यांच्या कारकिर्दीत १९२६ मध्ये चिनी माध्यमाची पहिली सरकारी माध्यमिक शाळा निघाली, १९२७ मध्ये विद्यापीठात चिनी विभाग सुरू झाला. वरवर पाहता भाषेचा सन्मान. पण कोणत्या चिनीचा? कन्फ्यूशियसच्या ग्रंथांचं, वडीलधाऱ्यांच्या आज्ञेचं, जुन्या राजभक्त पंडितांचं. संप करणारी, मासिकं काढणारी, बोलीभाषेत लिहिणारी नवी पिढी ज्या चिनीत विचार करत होती तिला आवर घालायला जुनी चिनी कामाला लावली गेली. लू शुन हे त्या नव्या पिढीचे लेखक. ते फेब्रुवारी १९२७ मध्ये हाँगकाँगला येऊन व्याख्यानं देऊन गेले. मेलेल्या भाषेत बोलणारा समाज मुका होतो, हा त्यांच्या बोलण्याचा गाभा. गव्हर्नरसाहेबांच्या प्राचीन विद्येच्या प्रेमाची त्यांनी नंतर लेखात यथेच्छ खिल्ली उडवली.

लू शुन यांच्या त्या व्याख्यानाची एक बारीक गोष्ट आहे. ते जे बोलले त्याचं कॅन्टोनीजमध्ये भाषांतर करून श्रोत्यांना सांगावं लागलं. व्याख्याता चिनी, श्रोते चिनी, मध्ये दुभाषा. ‘चिनी शिकवतो’ असं माहितीपत्रकात वाचलं की ही गोष्ट आठवावी.

राज्यकर्ता जेव्हा प्रजेच्या प्राचीन भाषेच्या प्रेमात पडतो तेव्हा आम्ही सावध होतो. आपल्याकडे संस्कृतचं कौतुक करणाऱ्यांनीच एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला संस्कृत शिकू दिलं नाही, त्याला फारसी घ्यावं लागलं. एकच भाषा एकाला भूषण म्हणून मिळते आणि दुसऱ्याला बंदी म्हणून. त्यामुळे ‘इंग्रजी म्हणजे गुलामी, मातृभाषा म्हणजे मुक्ती’ ही सरळ रेघ आम्हाला कधीच पटलेली नाही. उलटी रेघही पटत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर चीनमधून निर्वासितांचे लोंढे आले. चिनी माध्यमाच्या शाळा भराभर वाढल्या, १९६३ मध्ये तीन कॉलेजं एकत्र येऊन चिनी विद्यापीठ स्थापन झालं. तरीही सरकारची एकमेव अधिकृत भाषा इंग्रजीच. ज्या शहरात बहुतेक सगळे लोक चिनी बोलतात तिथे न्यायालयाचा समन्स, कराची नोटीस, सरकारी उत्तर इंग्रजीत. १९६७ च्या दंगलींनंतर विद्यार्थ्यांनी चिनीला अधिकृत दर्जा मिळावा म्हणून चळवळ उभारली, आणि १९७४ मध्ये कायद्याने चिनी अधिकृत भाषा झाली. बत्तीस वर्षं नव्हे, एकशे बत्तीस वर्षं लागली. पालक मात्र त्याच काळात चिनी माध्यमाच्या शाळा सोडून ‘अँग्लो-चायनीज’ शाळांकडे निघाले होते. या शाळांत पुस्तक इंग्रजी, परीक्षा इंग्रजी, आणि शिक्षक समजावून सांगणार कॅन्टोनीजमध्ये इंग्रजी शब्द पेरून. आपल्या तालुक्याच्या इंग्लिश मीडियम शाळेत बसून पाहा, अगदी तोच प्रकार.

१९९७ मध्ये सत्तांतर झालं आणि नव्या सरकारने कठोर पाऊल टाकलं. सप्टेंबर १९९८ पासून फक्त ११४ माध्यमिक शाळांना इंग्रजी माध्यम ठेवायला परवानगी, उरलेल्या सुमारे तीनशे शाळांनी चिनीत शिकवायचं. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता असं आमचं मत आहे. आपल्या भाषेत शिकणाऱ्या मुलांना विज्ञान आणि समाजशास्त्र जास्त नीट कळतं हे नंतरच्या अभ्यासांतही दिसलं. पण विद्यापीठाचं माध्यम बदललं नाही, नोकरीचं बदललं नाही. मग त्या अभ्यासांत दुसरी गोष्टही दिसली. चिनी माध्यमातली मुलं विद्यापीठाच्या दारात इंग्रजीवर अडकली. शिवाय ११४ शाळांवर ‘हुशार मुलांच्या’ असा शिक्का बसला आणि तीनशे शाळांवर ‘उरलेल्यांच्या’. पालक रस्त्यावर आले. निर्णय घेणाऱ्यांची स्वतःची मुलं कुठे शिकतात, असा सवाल तेव्हा सर्रास विचारला गेला. शेवटी २०१० मध्ये सरकारने नियम सैल केला. मातृभाषेचं धोरण गरिबांच्या शाळेपुरतं आणि इंग्रजीचा मार्ग पैसेवाल्यांना मोकळा, अशी विभागणी असेल तर धोरण कितीही शास्त्रीय असो, खालचा माणूस त्याला फसवणूकच म्हणणार. तो चूक आहे असं आम्ही म्हणू शकत नाही.

यातून इंटरनॅशनल शाळांचा बाजार फुगला. त्या आधीपासून होत्या. १९६७ च्या कायद्याने इंग्लिश स्कूल्स फाउंडेशन ही संस्था निघाली, ब्रिटिश नोकरदारांच्या आणि इतर इंग्रजी बोलणाऱ्यांच्या मुलांसाठी. काउलून ब्रिटिश स्कूलचा वारसा सांगणारी किंग जॉर्ज द फिफ्थ शाळाही पुढे तिच्याकडे आली. युद्धानंतर ती सर्व वंशांना खुली झाली होती. पण तिचं जुनं काम बदललं तरी दरवाजा मोकळा झाला नाही, फक्त राखणदार बदलला. तिथे आता वंशाच्या जागी पैसा उभा आहे. या संस्थेला मिळणारं सरकारी अनुदान २०१६ पासून टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. इंटरनॅशनल शाळांची वर्षाची फी सहज लाखाहून जास्त हाँगकाँग डॉलर असते. त्यावर डिबेंचर. म्हणजे शाळेला आधी मोठी रक्कम द्यायची, बदल्यात प्रवेशाच्या रांगेत पुढची जागा. काही शाळांत कंपन्यांनी घ्यायचे डिबेंचर दशलक्षांच्या घरात जातात. कंपनी आपल्या तरुणाला असा डिबेंचर देऊ करते तेव्हा तो म्हणतो, माझी गुणवत्ता म्हणून मिळाला. गुणवत्ता आहेच. पण मुलाची जागा मुलाच्या गुणवत्तेवर आलेली नाही, एवढं घरात तरी स्पष्ट असावं.

याच शहरात दक्षिण आशियाई मुलांची दुसरी एक गोष्ट घडली. ब्रिटिशांनी हाँगकाँग घेतलं तेव्हापासून भारतीय शिपाई तिथे आहेत. पुढे शीख पोलिस, पाकिस्तानी पहारेकरी, गुरखा सैनिक, त्यांची कुटुंबं. यांच्या मुलांसाठी काही मोजक्या शाळा ठरून गेल्या, तिथे इंग्रजी बऱ्यापैकी आणि चिनी नावापुरतं. ब्रिटिश अमलात इंग्रजीवर सरकारी नोकरी मिळत होती म्हणून हे खपलं. १९९७ नंतर पोलिस भरतीपासून कारकुनीपर्यंत चिनी लिहिता-वाचता येण्याची अट आली आणि तिसऱ्या पिढीचा, हाँगकाँगमध्येच जन्मलेला पोरगा आपल्याच शहरात निरक्षर ठरला. तो कॅन्टोनीज फाडफाड बोलतो, पण फॉर्म भरू शकत नाही. सरकारने या शाळांना आधी ‘नियुक्त शाळा’ असा शिक्का दिला, मग २०१३ च्या सुमारास शिक्का काढून टाकला. शिक्का गेला तरी मुलं त्याच शाळांत राहिली. चिनी ही दुसरी भाषा म्हणून शिकवण्याची चौकट आली २०१४ मध्ये, सत्तांतरानंतर सतरा वर्षांनी. वंशभेदविरोधी कायदा २००८ मध्ये झाला खरा, पण शिक्षणाचं माध्यम कुणासाठी बदलायची सक्ती नाही, अशी सूट त्यातच लिहिलेली आहे. ही सूट कुणी घालायला लावली याचा शोध घेण्यापेक्षा, ती कुणाला नडते हे पाहावं.

म्हणजे चिनी भाषा, जिला शंभर वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं, ती सत्तेवर येताच तिचं कुंपण झालं. या वेळी बाहेर राहिली ती पहारेकऱ्याची आणि सफाई कामगाराची तपकिरी पोरं. आपलं कुटुंब त्या शहरात उतरतं तेव्हा कातडीने याच मुलांच्या बाजूला असतं आणि पगाराने डिबेंचरवाल्यांच्या. शाळा निवडताना या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर असतात.

आता निवडीबद्दल. आमचं मत स्पष्ट सांगतो. ज्या शाळेत इंग्रजी राजा आणि चिनी हस्तकलेच्या तासासारखी, आठवड्यातून दोनदा गाणी आणि कागदी कंदील, ती शाळा कितीही नावाजलेली असो, चिनीसाठी निरुपयोगी आहे. अशा शाळेत बारा वर्षं काढून मूल बाजारात भाजी घेण्याइतकं चिनी शिकून बाहेर पडतं. चिनी ही अक्षरांच्या संख्येवर उभी असलेली भाषा आहे. हाँगकाँगच्या स्थानिक प्राथमिक शाळेत मुलं सहावीपर्यंत सुमारे ३,००० अक्षरं शिकतात. हे रोज हाताने गिरवून होतं, त्याला आडवाट नाही. तेव्हा शाळेला पहिला प्रश्न हा विचारा की रोज किती तास, आणि आमच्यासारख्या घरी चिनी न बोलणाऱ्या घरातलं मूल प्राथमिकच्या शेवटी काय वाचू शकतं. त्या मुलाची वही दाखवा म्हणा.

दुसरं, कोणती चिनी? बहुतेक इंटरनॅशनल शाळा पुतोंगह्वा म्हणजे मँडरिन शिकवतात. शहर कॅन्टोनीज बोलतं. अक्षरांचंही तसंच, हाँगकाँगच्या रस्त्यावर पारंपरिक अक्षरं, मुख्य भूमी चीनमध्ये १९५६ नंतर सोपी केलेली अक्षरं, आणि शाळा यातलं काहीही निवडते. तीन-चार वर्षांत परत फिरायचं किंवा सिंगापूरला जायचं असेल तर पुतोंगह्वा आणि सोपी अक्षरं पुरतात. तिथेच राहायचं असेल, मुलाला खालच्या दुकानदाराशी, बसमधल्या आजीशी, शेजारच्या पोरांशी बोलायचं असेल तर कॅन्टोनीजशिवाय ते पाहुणंच राहील. हा निर्णय शाळेने नव्हे, तुम्ही घ्यायचा.

तिसरं, शाळेत चिनी शिकवणाऱ्या बाईंचं स्थान काय आहे ते पाहा. हाँगकाँगमध्ये काही शाळांनी हा प्रश्न ओळखला. १९३२ पासून चालत आलेल्या यू चुंग संस्थेच्या शाळांत लहान वर्गांमध्ये एक पाश्चात्त्य आणि एक चिनी शिक्षक बरोबरीने उभे असतात, मुख्याध्यापकही जोडीने. १९८३ मध्ये निघालेल्या चायनीज इंटरनॅशनल स्कूलने दोन भाषा हाच पाया धरला. या शाळा महाग आहेत, तिथेच घाला असं आम्ही सांगत नाही. पण ज्या शाळेत चिनी शिक्षिकेला वेगळ्या खोलीत आणि वेगळ्या पगारावर ठेवलं जातं, तिथल्या मुलांना त्या भाषेबद्दल काय शिकवलं जातंय हे फळ्यावर लिहावं लागत नाही. शाळा पाहायला जाल तेव्हा स्टाफरूममध्ये डोकावा.

मूल चार-पाच वर्षांचं असेल आणि निदान सात-आठ वर्षं राहायचं नक्की असेल, तर आम्ही एक पाऊल पुढे जाऊन म्हणू की स्थानिक सरकारी अनुदानित प्राथमिक शाळेचाही विचार करा. फी नाही, चिनी खरी, वर्गमित्र शेजारचे. इंग्रजी तुमच्या घरात आहे, तुम्ही ते कष्टाने मिळवलंय, ते तुम्ही देऊ शकता. चिनी तुम्ही देऊ शकत नाही. गृहपाठ डोंगराएवढा असतो, पहिलं वर्ष मूल रडेल, शिक्षक कॅन्टोनीजमध्ये चिठ्ठी पाठवतील आणि ती वाचायला शेजाऱ्याचं दार ठोठवावं लागेल. ते दार ठोठावणं आम्हाला तोट्याचं वाटत नाही. मूल दहा वर्षांचं होऊन तिथे पोचलं असेल तर मात्र हा सल्ला लागू नाही. त्या वयात थेट स्थानिक शाळेत टाकणं म्हणजे त्याचे इतर विषय बुडवणं. तिथे इंटरनॅशनल शाळाच बरी, पण आय.बी.च्या परीक्षेत चिनी कोणत्या पातळीवर घेता येईल हे आधी लिहून घ्यावं. त्या परीक्षेत भाषेचे दोन मुख्य गट असतात, साहित्यासह पहिली भाषा आणि शिकलेली दुसरी भाषा. घरी चिनी न बोलणारी किती मुलं गेल्या पाच वर्षांत पहिल्या गटात गेली, हा आकडा मागा. काही शाळांत चिनी आडनावाच्या मुलांना आपोआप वरच्या वर्गात आणि बाकीच्यांना आपोआप खालच्या वर्गात बसवतात. कोण ठरवतं, कधी ठरवतं, आणि मधल्या वर्षी वर जाता येतं का, हे मुख्याध्यापकांना समोर बसून विचारा. उत्तर ईमेलवर मागून घ्या.

मराठीचं काय, असं कुणी विचारेल. ती शाळेकडून मागू नका. रविवारी तास-दीड तास घरी, आणि आजीला फोन.